धोतराआडचा गुडघा

माझ्या डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक काळा घट्टा आहे, रुपयाएवढा. मध्यंतरी डॉक्टरनं बोट लावून विचारलं, हे काय? मी म्हटलं, मोटरीचं आहे, जुनं. त्यानं पुढं विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. या घट्ट्याबद्दल कोणी पुढं विचारलं नाही की मला अजून बरं वाटतं. म्हणूनच आज मी होऊन सांगतो आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यातली एक पिकप मी घेतली. पुढं तिघांपुरतं बाक, मागं लाकडी पेटी, रंग शेवाळासारखा. आम्ही नागपूरचे कोष्टी. बापाचा माग होता, पण मला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा कंटाळा. इतवारीतून सुताचे गठ्ठे भरायचे, उमरेडच्या विणकरांना पोचवायचे, येताना तयार लुगडी आणायची. संत्र्याच्या हंगामात नरखेडकडून पेट्या वाहायच्या. आमच्या मोहल्ल्यात मोटर असलेला मी एकटा. माज तर होताच. उगाच कशाला नाही म्हणू?

गाडी दणकट होती. इंजिनानं मला कधी दगा दिला नाही. बारीकसारीक खोडी होत्या, पण जिवावरची एकच. उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटायचा. उतार लागला, पाय उचलला, की दांडी खटकन मध्ये यायची आणि गाडी मोकळी सुटायची. माल भरलेली गाडी उतारावर गिअरमधून सुटली म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच कळतं. नुसत्या ब्रेकवर ती आवरत नाही.

सीताबर्डीच्या पायथ्याशी एक मिस्त्री होता. लष्करी गाड्यांचं काम त्याच्यासारखं नागपुरात कोणाला येत नव्हतं. त्यानं सांगितलं, "गेरची पेटी खोलावी लागन. आतला दात घासून गेला. पार्ट कलकत्त्याहून येईन, नाही तं येणारच नाही."

मी म्हटलं, "तवर काय करू?"

"तवर धरून ठेवा दांडी."

मी धरून ठेवली. हातानं नाही, हात चाकावर हवा. उतार आला की जरा तिरका व्हायचो आणि डाव्या गुडघ्यानं दांडी रेटून धरायचो. पंधरा दिवसांत सवय झाली, दोन महिन्यांत घट्टा पडला. मग मिस्त्री म्हणत राहिला, मी गुडघ्यानं भागतं म्हणत राहिलो, आणि पेटी खोलायचं राहूनच गेलं. गुडघा फुकट होता.

दोन वर्षांनी मला सीताबर्डीत कापडाच्या दुकानात भागी मिळाली. गाडी काढायची ठरली. आणि घ्यायला कोण आला, तर उमरेडचा माझा दोस्त. लहानपणी आम्ही दोघं त्याच्या मामाच्या मागावर एकाच खड्ड्यात बसून विणायला शिकलो. माझा धागा तुटला की तो माझा धागा जोडून द्यायचा आणि मामाला सांगायचा, माहाच तुटला होता. असा माणूस. मला 'गा' म्हणायचा, आमच्याकडं सलगीच्या माणसाला म्हणतात तसं. गिरणीच्या कापडापुढं त्याचं लुगडं खपेना, म्हणून तीनपैकी दोन माग विकून त्यानं मोटरीत पडायचं ठरवलं. तिसरा माग ठेवला. म्हणाला, "मोटर बसली तं हा आहे. हात आहेत तवर भाकर आहे."

आता नीट ऐका, कारण इथंच माझं तोंड काळं झालं.

मी त्याला गाडीच्या सगळ्या खोडी सांगितल्या. दाराची कडी ढिली आहे, डाव्या बाजूला बसणाऱ्यानं दार धरून बसायचं. सेल्फ लागत नाही, हँडल मारायचं. ब्रेकवर दोनदा पाय मारावा लागतो. दहा मैलांवर पाणी मागते. पावसात हॉर्न मुका होतो. एकेक करून सांगत गेलो, आणि तो हसत गेला. म्हणाला, "बस गा. पोरगी दाखवताना बाप बी एवढं सांगत नाही."

मीही हसलो. गिअरचं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? स्वतःला मी हजार वेळा विचारलं. बाकीच्या खोडी ऐकून कोणी सौदा मोडत नाही. ही ऐकून मोडला असता. एवढं सरळ आहे ते. पाच खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या तर निदान मी लबाड म्हणून ओळखला गेलो असतो. मी पाच खऱ्या सांगितल्या आणि त्यांच्याआड सहावी लपवली.

गाडी दाखवायला त्याला उमरेड रोडवर नेलं. मधे एक नाला आहे, दोन्हीकडून चांगला उतार. उतार आला तसा मी तिरका झालो आणि गुडघा लावला. कमरेला धोतर. सैल धोतराआड गुडघा काय करतो, कोणाला दिसतं? वर मी त्याच्याशी रामटेकच्या जत्रेच्या गप्पा मोठ्यानं मारत होतो. दांडी धोतराखाली थरथरत होती. नाला गेला. तो म्हणाला, "कशी पाण्यावानी उतरते गा."

आठ दिवस मीच त्याला चालवायला शिकवलं. सहाव्या-सातव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, उतारावर तोही तिरका होतो. डावा गुडघा दांडीला लावतो. मी विचारलं, "असा काहून बसतं?"

"तू बसतं तसा बसून राहिलो. बराबर हाय ना?"

मोटर अशीच चालवायची असते असं त्याला वाटलं! गुरू तिरका, तर चेला तिरका. आणि मला काय वाटलं सांगू? जीव भांड्यात पडला. चला, आता सांगायची गरजच नाही. गुडघा लावतोय, गिअर सुटणार नाही. मी म्हटलं, "हो, बरोबर आहे." ते तीन शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा मी उमरेड रोडवर, दिवसाढवळ्या, माझ्या सगळ्यात जुन्या दोस्ताच्या शेजारी बसलो होतो.

वर्षभर गाडी बिनघोर चालली. भेटला की म्हणायचा, झकास आहे. मी विसरूनही गेलो होतो, म्हणजे विसरल्यासारखं केलं होतं.

मग त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोचे दिवस भरले. तिला आमच्याकडे भावसून म्हणतात. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे तिचा भासरा. भावसून भासऱ्यापुढं पदराशिवाय येत नाही, आणि भासरा तिच्या पदरालासुद्धा आपला धक्का लागू देत नाही. तशी रीत होती आणि तो रीतीचा पक्का. बाळ आडवं आलं. सुईण म्हणाली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. धाकटा त्या दिवशी गावाला गेलेला. तेव्हा यानंच गाडी काढली.

पुढच्या बाकावर खरं तर त्याच्या मायनं मधे बसायचं आणि भावसुनेनं कडेला. पण दाराची कडी ढिली. माय म्हणाली, ही बिचारी कळा सोसन का दार धरन? म्हणून मायनं दार धरलं आणि पोरीला मधे बसवलं, दांडीजवळ.

नाल्याचा उतार आला. त्याचा गुडघा सवयीनं दांडीकडे गेला, आणि दांडीशी तिचा गुडघा होता. त्यानं आपला गुडघा आवरून घेतला. दुसरा कोणी भला माणूस काय करणार होता? खटकन गिअर सुटला. ब्रेकवर दोनदा पाय मारायचा असतो, तेवढा वेळच मिळाला नाही. गाडी नाल्याच्या कठड्यावर गेली असती, त्यानं चाक फिरवून ती शेताच्या धुऱ्यात, मातीच्या बांधात, घातली. धक्का बसायच्या आधी भावसून काचेवर आदळू नये म्हणून त्यानं डावा हात तिच्यापुढं आडवा टाकला. तो हात मनगटापासून मोडला. मायनं दार सोडलं नाही. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. मागून येणाऱ्या प्रवाशांच्या सर्व्हिस मोटरीनं तिघांना नागपूरला आणलं, आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्यात गेलो. त्याचा हात गळ्यात बांधलेला. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "चूक माहीच गा. तू शिकवलं तसा बसलो असतो तं काही झालं नसतं. पण भावसून बसून होती, गुडघा कसा ठेवू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आराम कर." केळी ठेवली आणि निघालो.

बाराव्या दिवशी उमरेडला बारसं. आत बायकांचे पाळणे चालले होते, बाहेर आम्ही पुरुष ओट्यावर. धाकटा भाऊ माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. शेवटी बोललाच, "दादा, गाडीच खराब गळ्यात मारली यानं."

माझा दोस्त त्याच्यावर तापला. म्हणाला, "तोंड सांभाळ. दाराच्या कडीपर्यंत सगळं सांगितलं त्यानं मले. दाराचं सांगितलं म्हणून मायनं दार धरून ठेवलं, नाही तं माय बाहेर फेकली गेली असती. हा माणूस लपवते काय?" आणि धोतर वर करून सगळ्यांना आपला डावा गुडघा दाखवला. "पाह्य, माह्या गुरूसारखा घट्टा पडला मले बी. धुऱ्यात घातली ती माही चूक."

लोक हसले. कोणीतरी बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मूठभर पोर, डोळे मिटून पडलेली. मी खाली मान घालून तिच्याकडे बघत बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तरी माझं तोंड उघडलं नाही. वीस माणसांपुढं भला म्हणून बसलो होतो, ते भलेपण सोडवेना. इतका हलकट मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्या दिवशी नव्हतो.

त्याचा हात बरा झाला, पण मनगट वाकडंच राहिलं. मागावर एका हातानं दोरी ओढायची असते आणि दुसऱ्यानं फणी ठोकायची. फणी ठोकायचा हात गेला. मग तिसरा मागही त्यानं काढला. आता मोटरीवरच घर होतं, म्हणून गाडी नीट करून घ्यायची ठरली. मला निरोप आला, तुह्या ओळखीच्या मिस्त्रीकडं चल. मी दुसरी दोन नावं सुचवून पाहिली. तो म्हणाला, लष्करी गाडीचं काम तोच जाणतो असं सगळे सांगतात.

गेलो. दुपारची वेळ. मिस्त्रीनं पेटी खोलली, हात पुसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, हे तं तेच गाडी! मी तुमाले कितीदा म्हणलं होतं, पेटी खोला, तिसरा गेर सुटते. तुम्ही म्हणले, गुडघ्यानं भागते."

मी दोस्ताकडे बघितलं नाही. बघवलं नाही. त्याचा वाकडा हात तेवढा मला दिसत होता, गाडीच्या दारावर ठेवलेला. बराच वेळ तो हात तिथंच राहिला.

मग तो मिस्त्रीला म्हणाला, "मले सांगितलं होतं यानं. मीच ध्यान देलं नाही."

मामाच्या मागावर म्हणायचा ना, माहाच तुटला होता. अगदी त्याच आवाजात.

मिस्त्रीकडे जुन्या गाडीतला दात निघाला, काम संध्याकाळपर्यंत झालं. मला पायी जायचं होतं, पण तो म्हणाला, "बसा. घरी सोडून देतो." मी बसलो. दार धरून बसलो. सीताबर्डीचा चढ संपून उतार लागला तेव्हा माझा डावा गुडघा आपोआप हलला. तो मात्र सरळ बसला होता, दोन्ही गुडघे जवळ घेऊन. गिअर सुटला नाही.

माझं घर आलं. मी उतरलो. कडी लागत नव्हती, म्हणून दार धरून उभा राहिलो. त्यानं समोर रस्त्याकडे बघत विचारलं, "अजून काही सांगाचं राहिलं असन तं सांगून टाका."

मी म्हटलं, "नाही."

"मंग ठीक आहे," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं भेटत राहिला, लग्नकार्यात, बाजारात. हसून बोलायचा, घरची खुशाली विचारायचा. पण 'गा' म्हणून मला त्यानं पुन्हा कधी हाक मारली नाही.