दुसरीच्या पोटाची पीडा

"खाल्लं का तिनं समदं?"

"खाल्लं. बोटं चाटून खाल्लं."

"मग गेली बाई पीडा. आता तिचं ती बघंल."

मी मळ्यातल्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते. सातवा महिना. हाताला दहीभात लागलेला, तो चाटत होते. मधे नुसता काटक्यांचा कूड. पलीकडं आक्कासाहेब विचारत होत्या, म्हणजे त्या मळ्याच्या मालकीणबाई, आणि त्यांची नणंद सांगत होती. नणंद जरा घाबरली असावी. ती हळूच म्हणाली, "आन तिच्या पोरालाच काय झालं मंजी?"

आक्कासाहेब म्हणाल्या, "त्यांच्यात काय, एक गेलं तर दुसरं हुतंय."

एवढंच. रागानं नाही, दातओठ खाऊन नाही. शेळीबद्दल बोलावं तसं.

त्या दिवशी त्यांच्या लेकीचं, शालूताईचं, डोहाळजेवण होतं. ती बाळंतपणाला माहेरी आलेली. तिलाही सातवाच महिना. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून घरात सगळे धास्तावलेले. कुठल्या तरी देवऋषीनं सांगितलं होतं की सुपात पाच पदार्थ घ्या, पोरीच्या पोटावरून उतरा आणि दुसऱ्या गरोदर बाईला खायला द्या. तिनं हसतमुखानं खाल्लं की पीडा तिच्या पोटात जाते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ते मला कुडाच्या अलीकडं बसून कळलं.

मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं, हे माझं डोहाळजेवण आहे. आक्कासाहेब स्वतः मागच्या दाराला आल्या, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तू बी पोटुशी हाईस. बस, पोटभर खा." करंजी, पुरणपोळी, लाडू, खारीक आणि दहीभात. दहीभाताचे मला डोहाळे लागले होते. दोन महिने दहीभात दहीभात करत होते. त्या दुष्काळाच्या सालात आमच्या मांगवाड्यात दही कुठून यायचं? माझे तर डोळे भरून आले. मी त्यांच्या पायाच्या दिशेनं लांबूनच हात जोडले. आणि हसतमुखानं खाल्लं.

ऐकलं तशी उठले आणि पाटाच्या कडेला बाभळीखाली गेले. घशात बोटं घातली. पहिले तीन महिने माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. भाकरीचा वास आला तरी उमळून यायचं. त्या दिवशी मात्र काही केल्या पडेना. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, पण दहीभात तसाच आत.

आता खरं सांगते. मी शालूताईवर त्या दिवसाच्या लई आधीपासून जळत होते. आणि ते जळणं काही साधंसुधं नव्हतं.

तिचं लुगडं, तिच्या पाटल्या, तिचा झोपाळा, दारातली जीप, हे डोळ्यात खुपायचंच. ते सोडा. माझ्या जिवाला खरी आग लागायची ती माझ्या सासूच्या हातांमुळं. माझी सासू, तिला मी आत्या म्हणायची, ती गावाची सुईण. आमच्याकडं ते काम पिढीजात. गावातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली आणि मोठी झाल्यावर तिची सावली टाळून चालायला लागली. शालूताई आल्यापासून आत्या रोज दुपारी मळ्यात जायची. पडवीत तिला तेल लावायची. त्यानंतर शालूताई आंघोळ करायची, म्हणजे आत्याचा विटाळ धुऊन निघायचा. आत्या गेली की तिच्या बसायच्या जागेवर शेणाचा हात फिरायचा.

मी सकाळी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दुपारी ते सुटलं की मळ्यात यायची आणि गोठ्याच्या चुलाण्यावर गरम पाणी ठेवून द्यायची. कुडाच्या फटीतून सगळं दिसायचं. आत्या तिच्या कमरेवरून हात फिरवायची, दाबायची नाही, नुसतं हलक्या हातानं तेल जिरवायची. पोटऱ्या, घोटे, पायाचं एकेक बोट. आणि तोंडानं बोलणं चालू. असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

"डाव्या कुशीवर नीज गं माझे बाय. दोन गुडघ्यात उशी घे. सकाळी उठल्या उठल्या पानी नगं, आदी चार लाह्या चावून खा. जळजळ झाली तर जिऱ्याचं पानी, आन एकदम पोट भरून जेवू नगं. पाय सुजलं की उशीवर ठेव."

एकदा शालूताई रडत म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय गं कळांचं." तेव्हा आत्यानं तिचं तोंड दोन्ही हातात धरलं. म्हणाली, "कळ आली की तिच्याशी भांडायचं न्हाई. जबडा सैल सोडायचा. तोंड सैल, तर खालचं सैल. गरम दुधावर हळू फुकतीस ना? तसा श्वास सोडायचा. कळ येती तशी जाती."

मी चुलाण्यात काटक्या सारत होते. माझे पाय सुजून पातेल्यासारखे झाले होते. खडीवर बसून बसून कंबरेचा काटा ढिला झालेला. मला कुणी बाय म्हटलं नव्हतं. आत्या घरी यायची तेव्हा तिचे हात भाकरी थापायलासुद्धा वर होत नव्हते. एकदा मी म्हटलं, "आत्या, माझी कंबर लई भरून आलीय." ती म्हणाली, "उद्या लावते गं." आणि बसल्या जागी डुलक्या घ्यायला लागली. तो उद्या काही आला नाही.

माझी सासू, माझ्या घरची, माझ्या चुलीवरचं खाणारी. आणि तिची माया मात्र त्या पडवीत सांडायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तर मनात आलं, हिचं ह्या खेपेलाही नासलं तर बरं होईल. आलं मनात. लपवायचं कशाला? मीही काही संत नव्हे. पण मी ते मनात आणलं आणि माझीच मला लाज वाटली. त्यांनी माझ्या लेकराचं वाईट सुपात वाढलं, वर मला हात जोडायला लावले.

पण कान माझे होते. आत्या जे जे शालूताईला सांगायची ते ते मी उचलायची. घरी उशी नव्हती, मी वाकळेची गुंडाळी गुडघ्यात घेऊन डाव्या कुशीवर निजायची. जिरं नव्हतं, मग थोडं थोडं खायची. तेवढं बरं होतं, कारण थोडंच असायचं. खडी फोडताना पोटऱ्यात गोळा आला की हातोडी ठेवून जबडा सैल सोडायची आणि हळू फुंकायची. शेजारच्या बाया हसायच्या. "काय गं, हवा भरतीस का?" हसू देत.

दहीभात खाल्ला त्या दिवसापासून पोटातलं हलेना. रोज सकाळी खडीवर बसलं की लाथा मारणारं पोर ते. एक दिवस गेला, दुसराही निम्मा गेला. मी पोटावर हात ठेवून बसून राहिले. देवाधर्माचं मला फारसं काही नव्हतं, पण भीती काय विचारून येते?

शेवटी आत्याला सांगितलं. सूप, दहीभात, कुडाआडचं बोलणं, सगळं. वाटलं, ती कपाळावर हात मारून घेईल. ती खाली मान घालून बसली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आत्या, तुमाला ठावं हुतं?"

"ठावं हुतं."

"आन मला खाऊ दिलं?"

ती म्हणाली, "अगं, येवढी पोरं काढली म्या ह्या हातांनी. उलटी, आडवी, नाळ गळ्यात आलेली. पीडा काय कदी हाताला लागली न्हाई. दहीभात मंजी दहीभात. तू दोन म्हयने मागत हुतीस. म्हनलं, त्यांच्या खुळापायी का हुईना, माज्या सुनंच्या पोटात जाऊ दे."

मी हबकलेच. खोटं नव्हतं ते. तिला माझे डोहाळे आठवत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिच्या परीनं तिनं माया केली होती. पण माझा संताप काही जाईना.

मी म्हटलं, "पीडा न्हाई हे तुमाला ठावं. त्यांना तर ती खरी वाटती ना? त्यांच्या लेखी त्यांनी माझं पोर मारलं, आत्या. आन तुमी उद्या परत त्यांच्या लेकीची पाठ चोळणार."

 आत्यानं मला वाकळेवर आडवं केलं आणि पोटावर दोन्ही हात ठेवले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. कोमट, खरखरीत हात. इकडून तिकडून चाचपत राहिली, एका जागी थांबली, हळूच दाबलं. आतून अशी लाथ बसली की आम्ही दोघी दचकलो. मी मोठ्यानं रडले. आत्याही रडली, पण तिनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मळ्यात पाय ठेवला नाही. आत्या जात राहिली. पण घरी आली की आधी माझ्या पायाशी बसायची. तेल नव्हतं, नुसत्या हातानं चोळायची. एकदा म्हणाली, "तिकडं जरा हात राखून येते." मला हसू आलं. एवढं सुद्धा सुख कमी नव्हतं, खरं सांगते.

नववा भरला. सकाळी न्याहारीच्या वेळेला मला कळा सुरू झाल्या. आत्यानं भुईवर वाळलेला पाला पसरला, त्यावर वाकळ टाकली, पाणी तापत ठेवलं, दाराला लुगडं लावलं. नवरा कामावर. खोपटात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "फिरत ऱ्हा. मेढीला धरून कमरंत डुल." मी त्या खांबाला धरून डुलत होते, फुंकत होते. भीती होती, पण ती जरा लांब बसल्यासारखी होती.

ऊन डोक्यावर आलं आणि मळ्यातला सालगडी पळत आला. शालूताईलाही कळा लागल्या होत्या. त्याच्यामागून बैलगाडीतून खुद्द आक्कासाहेब. वस्तीत कधी न आलेली बाई. लिंबाखाली उभी राहिली, पदर नाकाला लावून.

"म्हातारे, चल बिगीबिगी. पोर घाबरलीय."

आत्या उठली. सवयीनं उठली हो, तिला दोष देत नाही. हाक आली की उठायचं, एवढंच तिला जन्मभर ठाऊक. मी तिचं मनगट धरलं.

बाहेरून आवाज आला, "तिचं काय येवढं? तुमच्या बाया बांधाला बी मोकळ्या हुत्यात."

कळ चढत होती. मी जबडा सैल सोडला, ती उतरू दिली. मग मेढीला धरून दारात आले. दाराचं लुगडं सरकवलं आणि पोटासकट तिच्यासमोर उभी राहिले.

"आक्कासाहेब, आत्या येणार न्हाई. लेकीला हितं आणा. गाडीत निजवून आणा. हितं दुसरी वाकळ हाय. आत्या दोघींना मोकळी करंल, मला बी आन तिला बी. माझी ना न्हाई."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "तुमच्यात? माझी लेक?"

"व्हय. आमचे हात चालत्यात, मंग आमची भुई चालंल की."

"माजलीस," त्या म्हणाल्या. आत्याकडं वळल्या. "तू काय म्हनतीस?"

आत्या माझ्या मागं उभी होती. मी वळून पाहिलं नाही. खरं तर पाहायची हिंमत नव्हती. तिनं माझ्या कमरेवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "पयल्या कळा हायत, आक्कासाहेब. अजून लई येळ हाय. डाव्या कुशीवर निजवा आन जीपमदनं तालुक्याच्या दवाखान्यात न्या. वाटंत तिला सांगा, जबडा सैल सोड म्हनावं."

तेवढ्यातही मला झोंबलंच. माझ्या कळांत ती त्या पोरीची काळजी करत होती. पण हात माझ्या कमरेवर होता, आणि तो हलला नाही.

जीप होती. दवाखान्याचा रस्ता होता. एवढं सगळं हाताशी असून त्यांना आमची म्हातारी ओढून न्यायची होती, आणि मला बांधावर सोडायची होती. हे कळलं आणि डोकं एकदम शांत झालं. मला दिवस कलायच्या आत मुलगी झाली. ओरडले नाही. आत्या म्हणाली, "सोड, सोड, आता येतंय," आणि मी सोडलं.

शालूताईला दवाखान्यात मुलगा झाला. दोघं धडधाकट. मला बरं वाटलं. आणि तिला लोखंडी खाट मिळाली, पांढरी चादर मिळाली, हे ऐकून पुन्हा पोटात दुखलं. दोन्ही खरं.

पाचव्या दिवशी सालगडी परत आला. शालूताई घरी आली होती. निरोप असा, बाळंतिणीला शेकायला, बाळाला तेल लावायला म्हातारीला बोलावलंय. न्हाई आली तर मळ्यातल्या विहिरीवर यायचं न्हाई. त्या सालात आमच्या वस्तीला ती एकच विहीर होती. तिचंही पाणी मळ्यातली माणसं वरून ओतून देतील तेवढंच.

आत्या माझ्याकडं बघायला लागली. मी लेकीला पाजत होते. म्हटलं, "आत्या, तुमी थांबा. मी सांगते."

सालगडी भला माणूस. तो म्हणाला, "वयनी, इचार करा. उद्या त्या घरात कुनी खरंच अडलं, तर मरू देशीला का?"

"न्हाई," मी म्हटलं. "अडलं तर येऊ. आत्या येतील. त्या थकल्या की मी येईन, हे काम मला आलंय आता. पन सांगा त्यांना. फुडच्या दारानं येणार. माजघरात बसणार. बाळंतिणीच्या अंगाला हात लावून झाला की तो त्यांच्याच घंगाळात धुणार. आन आमी उठल्यावर आमच्या मागं शेण फिरवायचं न्हाई. कबूल असंल तर बोलवा. कबूल नसंल तर जीप हाय. पान्याचं म्हनाल, तर नदीत झिरा उकरून पिऊ."

तो उभाच राहिला. म्हणाला, "असं कसं सांगू वयनी?"

"जसं मी सांगितलं तसं सांगा. एक शब्द कमी करू नका."