तानीचा डावा कान

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सांगलीतल्या जिवलग दोस्तापाशी नाही, आणि देवापुढं हात जोडले तरी या एका गोष्टीला बगल देऊन पुढं सरकतो. देवाला काय, ठाऊक असणारच की — पण आपण होऊन सांगायचं म्हटलं की मी दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणून तर जमतंय.

आधी हसण्यासारखं सांगतो, म्हणजे मलाही जरा धीर येईल.

आमची वस्ती माणच्या माळावर आहे. पत्ता साताऱ्याचा, बाजार सांगली जिल्ह्यातला — त्यामुळं दोन्हीकडचे लोक आम्हाला पलीकडचे समजतात. आम्ही धनगर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली, आता थोडं डाळिंब, थोडी ज्वारी, आणि गेली काही वर्षं — पाहुणे! हसू नका. वस्तीवर तीन खोल्या बांधल्या, गरम पाण्याची सोय केली, चुलीवरची भाकरी, खर्डा, मटणाचा रस्सा, आणि मोबाइलवर जाहिरात टाकली — मेंढपाळाच्या घरी दोन दिवस राहा. गावानं मला येड्यात काढलं. म्हणे, लेंड्यांच्या वासात झोपायला गाडी करून कोण येतंय? आले की राव! साताऱ्याहून आले, पुण्याहून आले, एकदा तर बेंगलोरहून आले. सकाळी मेंढरांमागं माळ तुडवायचा, दुपारी लिंबाखाली पाय पसरून ताक प्यायचं, दिवस मावळताना घोंगड्यावर बसून ढोल ऐकायचा. जाताना माणसं गाडीपाशी उगाच रेंगाळतात. लहान पोरं तर कोकरू सोडत नाहीत, दोघांनी धरून गाडीत कोंबावी लागतात.

आणि सगळ्यात जास्त गर्दी कशाला होते? तानीच्या कानाला.

तानी आमची मेंढी. काळी, लोंबत्या कानांची, स्वभावानं अगदी गरीब. पाहुण्यानं निघायच्या आधी तिच्यापाशी बसायचं आणि तिच्या डाव्या कानात मनातलं काहीतरी सांगायचं — जे कुणालाच सांगितलेलं नाही असं. मेंढी कुठं बोलत नाही, आणि माणूस हलका होऊन घरी जातो. ही आमची पूर्वापार पद्धत. एक कॉलेजचे सर येऊन तिच्यावर लेख लिहून गेले. शेजारच्या वस्तीवर आमचं बघून एकानं पाहुण्यांना खोल्या काढल्या, त्यानंही कान सुरू केला — फक्त उजवा, म्हणजे आम्ही भांडायला नको. माझी सासू रहिमतपूरहून मुद्दाम आली आणि तानीला इतका वेळ धरून बसली, की तानीनं शेवटी तिच्या पदराचं टोक चघळून टाकलं. माझ्याबद्दलच सांगितलं असणार, दुसरं काय!

तर ही पद्धत — राव, ही पद्धत मी काढली. जागच्या जागी, तोंडाला आलं ते ठोकून दिलं. पूर्वापार कसलं डोंबलाचं!

झालं. सांगितलं. तुम्ही म्हणाल, एवढंच? यात कुणाचं काय बिघडलं? लोक हसत येतात, डोळे पुसत बसतात, परत हसत जातात. खरं सांगू का, एवढंच कबूल करून गप बसावं असं माझ्या मनात होतं. पण तुम्ही शहाणे आहात, तुम्ही विचारणारच — अरे, तू धनगराचा पोरगा ना? मग खरी पद्धत सांगायची सोडून नवी कशाला काढलीस?

कारण खरी मला ठाऊक नव्हती. बा मेंढरं घेऊन कधी कृष्णाकाठी, कधी शिराळ्याच्या डोंगरापर्यंत जायचा, आई त्याच्यासोबत. माझी शाळा बुडू नये म्हणून मला सांगलीत मामाकडं ठेवलं. मी वाढलो हळदीच्या पोत्यांत. पुढं अडत्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालो, वस्तीवर परतलो ते या खोल्या बांधायलाच. हळद कुठली, ते मी नुसत्या वासावरनं सांगेन. मेंढरू मात्र अजून मला बघून बाजूला सरकतं, जणू मीच पाहुणा आहे.

बरं, तुला ठाऊक नव्हतं. पण ज्याला ठाऊक होतं, त्याला का नाही विचारलंस? बा तर तिथंच, हाकेच्या अंतरावर होता.

इथं आलो की मी दरवेळी थांबतो. आज थांबत नाही.

आमचे पहिलेच पाहुणे. साताऱ्याचं एक जोडपं — तो मोठ्या हुद्द्यावरनं निवृत्त झालेला, ती बोलायला गोड. मी पहाटेपासनं नुसता पळत होतो. सांगलीतनं पांढऱ्याशुभ्र चादरी आणल्या होत्या, घडी न मोडलेले टॉवेल आणले होते. बायकोनं दारात रांगोळी घातली. त्यातच एक मेंढी व्याली, आणि बाहेर झोंबरा वारा. आता माझ्या बानं काय करावं? ओलं कोकरू उचललं, तडक नव्या खोलीत शिरला, माझ्या पांढऱ्या चादरीवर ठेवलं आणि माझ्या नव्या टॉवेलनं खसाखसा पुसायला बसला! कोपरापर्यंत हात माखलेले, धोतर गुडघ्यावर, बंडी फाटलेली, आणि तोंडभर हसू. मला बघून म्हणाला, "पाट हाय रं, पाट!" पाट म्हणजे मादी कोकरू. जगातली सगळी सुखं त्या पलंगावर ठेवल्यासारखा त्याचा चेहरा. आज आठवलं तरी मला हसू येतं.

तवर दारात पाहुणे उभे. मी वळलो, तर बाई आत डोकावून बघतायत. त्यांनी अगदी सहज विचारलं, "हे कोण?"

आणि मी म्हणालो — "गडी आहे आमचा."

विचार केला होता का? नाही. ठरवलं होतं का? नाही. पण ते तोंडातनं चुकून निसटलेलंही नव्हतं. त्या क्षणाला मला त्या माखलेल्या हातांची लाज वाटली. ज्या हातांनी राखलेल्या मेंढरांवर मी शिकलो, त्याच हातांची. झाडाखाली मेंढी व्याली असती तरी असंच पुसलं असतं त्यानं, स्वतःचा पटका काढून. त्या दिवशी टॉवेल मिळाला, एवढाच फरक.

बानं माझ्याकडं पाहिलं. फार नाही, एकदाच. मग बाईंकडं वळून म्हणाला, "व्हय बाई, गडी हाय मी. लय जुना." आणि कोकरू त्यांच्या हातात दिलं. बाई खूश! साडी ओली झाली तरी हरकत नाही म्हणाल्या.

आता आलं ना ध्यानात? संध्याकाळी त्याच बाईंनी विचारलं की, पाहुणा निघताना तुमच्यात काही खास पद्धत असते का हो. मी काय सांगणार? आणि बाला कसं पुढं करणार? गड्याला घरच्या पद्धती विचारणारा मालक कुणी पाहिलाय? म्हणून मी ते कानाचं ठोकून दिलं. बा घोंगड्याच्या कडेला बसून ऐकत होता. मला वाटलं, आता हा उठून म्हणणार, काय बडबडतोय हे येडं. तर तो उठला, कळपातनं तानीला धरून आणलं, गुडघ्यात दाबून तिचा डावा कान वर केला. "या बाई," म्हणाला, "हितं सांगा." बाई बराच वेळ सांगत होत्या. उठल्या तेव्हा डोळे भरलेले आणि चेहरा लग्नातल्या करवलीसारखा. दुसऱ्या महिन्यात त्यांनीच आणखी पाहुणे धाडले.

सकाळी बा माझ्यापुढं कप घेऊन उभा. "मालक, च्या." तेव्हापासनं मी मालक. पाहुण्यांसमोरही मालक, एकट्यातही मालक. बायकोला वाटतं, पोरानं धंदा काढला म्हणून म्हातारा लाडानं चिडवतोय. ती त्याला मामा म्हणते, सासऱ्याला म्हणतात तसं, आणि पाहुण्यांना वाटतं, काय घरंदाज माणसं, गड्यालासुद्धा मामा म्हणतात! बरं, चिडवण्यात राग असावा, तर तोही नाही. म्हातारा आनंदात आहे हो. पोरांना कोकरं धरायला शिकवतो, बायांना लोकर कातायला बसवतो, ढोलावर हात पडला की पंचविशीचा होतो. तानीला तोच धरतो, म्हणजे सगळ्यांची गुपितं त्याच्या कानावर पडून जातात. मी एकदा खोदून विचारलं. म्हणाला, मेंढी सांगत न्हाई, मग मी कसा सांगू? पाहुणे निघताना मला बाजूला घेऊन म्हणतात, त्या काकांना सांभाळा हं, अशी माणसं आता मिळत नाहीत. मी मान हलवतो.

आणि मी? पाहुण्यांसमोर मी त्याला कधी बा म्हटलेलं नाही. "ओ" म्हणतो, "जरा इकडं" म्हणतो. त्या कॉलेजच्या सरांनी पद्धत किती जुनी म्हणून त्याला विचारलं, तर तो बेधडक म्हणाला, माझ्या आज्ज्यापासनं. माझ्या खोट्याला त्यानं स्वतःच्या आज्ज्याचा टेकू दिला. आमची खरी पद्धत काय होती, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही.

परवा सांगलीच्या बायकांचा एक घोळका आला होता. लय हसऱ्या, लय दंगेखोर. त्यांनी मलाच पकडलं — मालक, तुम्ही कधी सांगितलंय का तानीला? चला, आज सांगायचं! ओढत नेलं. बानं तानीला गुडघ्यात धरलेलं, कान वर केलेला. मी वाकलो. तानीच्या कानाशेजारी बाचं तोंड, इतकं जवळ की त्याच्या मिशीतला तंबाखूचा वास येत होता. मी पुटपुटलो, "बा, माझं चुकलं."

बा मान वर न करता म्हणाला, "मालक, मेंढीला ऐकू न्हाई गेलं. जरा मोठ्यानं."

बायका खो-खो हसल्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तेव्हा बोलायचं होतं. एक शब्द पुरला असता. आणि मी मोठ्यानं काय म्हणालो? "औंदा पाऊस चांगला होऊ दे!" टाळ्या पडल्या. बा पण हसला आणि तानीला सोडून दिलं.

तर तुम्हाला सांगतो. नव्या चादरीवर कोकरू पुसत बसलेला तो माणूस आमचा गडी नव्हता. तो माझा बाप. त्याच्या तोंडावर मी त्याला नाकारलं, त्यानं ते झेललं, आणि त्यावर मी इतकी वर्षं भाकरी खाल्ली. माझं वय तेव्हा लहान नव्हतं, मला कुणी धाक घातला नव्हता. एवढंच आहे ते.

हे लिहितोय तोवर ओट्यावर आज सकाळीच आलेले पाहुणे गप्पा मारतायत. चुलीपासनं हाक आली, "मालक! च्या गार हुतूय!"

"आलो, बा!" मी आतनं ओरडलो. चांगला मोठ्यानं ओरडलो.

ओट्यावरचं बोलणं थांबलंय. जातो बाहेर.