पिंपात बुडवलेल्या जुड्या

कळमनुरीच्या बाजारातल्या ज्या कोथिंबिरीने माणसं आजारी पडली, ती माझ्या शेतातली होती. हे मी कैक वर्षं लपवलं.

गावचं सांडपाणी शुद्ध करून आमच्या शिवारात पाइपाने सोडायला लागले, तेव्हा नगरपालिकेच्या साहेबांनी बजावलं होतं, "शुद्ध केलं तरी जंतू राहतात. हळद शिजते, तिला द्या. कच्च्या खायच्या भाजीला नको." मी पाळलं. कोथिंबीर विहिरीच्या पाण्यावरच पिकवली. पण बाजाराच्या सकाळी जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून आम्ही त्या पिंपात बुडवतो. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला आणि मी पिंप पाइपावर भरलं. पाणी नितळ होतं, वासही नव्हता. भाजीला ते पाणी दिलं, असं मनात आलंच नाही.

बाजारात माझ्या शेजारी बौद्ध वस्तीतली एक बाई बसायची. तिची कोथिंबीर संपली म्हणून तिने माझ्या दहा जुड्या विकायला घेतल्या. दोन-चार दिवसांत घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पुढच्या बाजारी आरोग्यसेवक, कोथिंबीर कुणाकडून घेतली, असं विचारत आला. एका गिऱ्हाईक बाईने शेजारणीकडे बोट दाखवलं.

"दादा, सांगा की! तुमच्याच जुड्या व्हत्या," शेजारीण म्हणाली.

पिंप डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "माझी कोथिंबीर विहिरीच्या पाण्यावरची हाय."

"मंग मी काय नालीत पिकवते व्हय?"

"वस्तीतलं पाणी, कोण सांगावं," मागून कुणीतरी बोललं. लोक हसले. मी बसायच्या पोत्यावरची माती झटकत राहिलो.

तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. ती खुरपणीच्या मजुरीला जाऊ लागली. तिच्या जागेवर कांदेवाला बसला.

यंदा तिच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इथं काहून सांगून राहिले दादा? माझ्या अंगणात कोण भाजी घेतंय? खोटं बाजारात बोलले, खरं बी तिथंच बोला."

पुढच्या बाजारी ती येऊन उभी राहिली. मी उठून मोठ्याने बोललो. तीच गिऱ्हाईक बाई समोर होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"माझी सासू आठ दिवस सलाईनवर होती. तवा काहून बोलले न्हाई?"

"भ्यालो," मी म्हणालो. दुसरं काही नव्हतंच.

ती शेजारणीकडे वळली. "तुमी कधी बसणार?"

"जागा कुठाय मला?"

मी माझं पोतं गुंडाळायला घेतलं.