धुऱ्यावरची तूर

पुष्पाबाईला रिकामी जागा बघवत नसे. तिच्या न्हाणीच्या पाण्यावर कोचईची, म्हणजे अळवाची, पानं डोलत, गोठ्यामागे वांगी, कुडावर वाल आणि छपराच्या कवेलूंवर भोपळ्याचा वेल चढलेला. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली ज्यांची शेती आहे त्यांना धानापलीकडे सहसा काही सुचत नाही. पण या बाईचा धुरादेखील कधी मोकळा राहिला नाही. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला, म्हणजे खाचरांमधला, मातीचा बांध. त्यावर ती दर पावसाळ्यात तूर टोकायची. कोणी हसलं की तिचं उत्तर ठरलेलं असे.

"कोहळी जातीची पोरगी आहो मी. आमच्या आज्या-पंज्यानं गावोगावी तलाव बांधले, आन् मी दोन दाने मातीत टाकू नोको?"

एवढ्या सगळ्या शेतात एकच जागा तिच्या हाती लागली नव्हती. मोहाच्या झाडाजवळ धुऱ्याचा एक रुंद कोपरा होता, जेमतेम खाटेएवढा. तिथे काही लावायचं म्हटलं की नवरा, ईश्वरदास, मान हलवायचा. "राहू दे ते. तिथं बैल वरतात." वरतात म्हणजे नांगर घेऊन वळतात. पुढे बैल विकले, भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. ट्रॅक्टर काही त्या कोपऱ्यात वळत नव्हता, पण ईश्वरदासचं उत्तर तेच राहिलं. माणूस तसा मुखदुर्बळ. दिवसभरात बोलून बोलून किती बोलणार, तर पाणी आलं, पाणी गेलं, वाढ, पुरे. पुष्पाबाईने सगळा संसार अशा माणसाशी एकटीने बोलून काढला होता. त्यामुळे तो तिच्याशी बोलत नाही याचं तिला कधी फारसं वाटलं नाही. तो कोणाशीच बोलत नाही, ही तिची समजूत होती, आणि त्या समजुतीवर ती सुखात होती.

सुखाला नजर लावली सुनेने.

चेतना गोंदियाजवळच्या कुडव्याची. शिकलेली, हिंदीत हसणारी, मराठीत भांडणारी. मुलगा हिमांशू सकाळी मोटारसायकलला किक मारून तिरोड्याला नोकरीवर जायचा आणि ही दुपारी कामं उरकली की मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून कार्टून बघत बसायची. पुष्पाबाई त्याला कार्टूनच म्हणायची. चेतना दरवेळी सुधारायची, "आई, ये कार्टून नहीं है, अ‍ॅनिमे आहे. मोठ्या माणसांचं असते."

"मोठ्या मानसाईचं, त मंग सारे लेकरंच काऊन दिसून राहिले त्याच्यात?"

"लेकरंच आहेत. लढाईतले."

पुष्पाबाईने एकदा वाकून पाहिलं होतं. बशीएवढे डोळे, नाकाच्या जागी नुसता ठिपका, अशी एक पोरगी पाठीवर कुणाचं तरी लेकरू बांधून डोंगर चढत होती, आणि वरून बॉम्ब पडत होते. "हे पाहाले पैसे लागतात का तुले?" असं म्हणून ती नाक मुरडून निघून गेली. त्या पोरीचं नाव तिने तेव्हाच ठेवलं: डोरेवाली, म्हणजे डोळेवाली.

आषाढात ईश्वरदास धुऱ्यावरून घसरला आणि पायाला प्लॅस्टर चढलं. ऐन रोवणीच्या दिवसांत माणूस खाटेवर. पुष्पाबाई मजुरिणी गोळा करून शेतात राबत होती आणि घरी सासऱ्याचा जीव रमावा म्हणून सुनेने मोबाईल त्याच्या उशाशी लावला. एका दुपारी पुष्पाबाई चिखलाच्या पायांनी घरी आली, तर ओसरीवरून आवाज येत होता. ईश्वरदासचा! तो विचारत होता, "मंग त्या पोरीचा बाप कुठी गेला?" आणि चेतना सांगत होती, "मामाजी, तो फौजेत होता. मेला असेल. तिले माहीतच नाही."

"मंग तिले कोनी सांगत काऊन नाई?"

दारातच पुष्पाबाईचे पाय थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने तिला एक प्रश्न विचारला नव्हता. आणि इथे एकापाठोपाठ दोन विचारले होते. तिने हातातली टोपली मुद्दामच आपटली. दोघांनी वळून पाहिलं आणि ईश्वरदास पुन्हा मुका झाला.

मग काय, तिचा जीव रोजच जळायला लागला. चेतनाने केलेला चहा तो "चांगला झाला" म्हणून प्यायचा. आजवर पुष्पाबाईच्या चहाला असं कोणी म्हटलं होतं का? दोघं मिळून डोरेवालीची काळजी करायची, ती आज नदी पार करेल का, तिच्या टोळीतली लेकरं जगतील का. डोंगरातल्या त्या कुठल्याशा देशात मोठी माणसं संपली होती आणि फौजेने बारूद वाहायला लेकरं जुंपली होती. कुणी थंडीने मरायचं, कुणी उपाशी. ईश्वरदास जेवताना मधेच थांबून म्हणायचा, "त्या लहान्याले ताप आला." पुष्पाबाईला क्षणभर वाटायचं शेजारच्या शालीकरामच्या नातवाला आला. कळल्यावर ती ताटातली भाजी अशी वाढायची, की वाटी वाजायची.

त्या रागातच तिने तो कोपरा धरला. नवरा खाटेवर आहे, आता कोण अडवतं? एका ढगाळ सकाळी तिने मोहाजवळचा धुरा कुदळीने भुसभुशीत केला आणि ओळीने तुरीचे दाणे टोकायला बसली. निम्मं झालं असेल नसेल, तर काठी टेकत, प्लॅस्टरचा पाय ओढत ईश्वरदास येताना दिसला. ती भांडायला तयारच होती.

"आले का? बोला. बैल वरतात म्हना."

तो मोहाखाली बसला आणि तिच्या हातांकडे बघत राहिला. शेवटचा दाणा मातीआड होईपर्यंत हलला नाही. पुष्पाबाईला वाटलं, जिंकले. त्या दिवशी ती घरी गाणं म्हणत आली.

तूरही, जळो, अशी आली, की साऱ्या गावात तशी नव्हती. पौषात झाडं माणसाच्या छातीला लागली, शेंगांनी वाकली. पुष्पाबाईने पहिल्या हिरव्या शेंगा तोडल्या, मीठ घालून उकडल्या आणि मोठ्या तोऱ्यात नवऱ्यापुढे ठेवल्या. त्याने ताटली बाजूला सारली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मले नोको. तुमी खा." हाच माणूस तुरीच्या शेंगांसाठी पौषाची वाट बघायचा! दुसऱ्या धुऱ्यावरच्या शेंगा भाजीत घातल्या तर गुपचूप खाल्ल्या, पण मोहाजवळच्या म्हटलं की ताटली सरकलीच. पुष्पाबाईने हिशोब लावला: माझ्या हट्टाची तूर आहे ना, म्हणून. सुनेच्या हातचं सारं गोड, माझ्या हातची शेंग कडू.

पण तिनेही हट्ट सोडला नाही. त्या दुपारी पुन्हा शेंगा उकडल्या आणि वाफाळती ताटली घेऊन ओसरीवर आली.

मोबाईल डब्याला टेकलेला. डोरेवाली आता मोठी बाई झाली होती. लढाई संपून वर्षं लोटली होती आणि ती त्याच डोंगराच्या वाटेने परतली होती. लढाईच्या दिवसांत तिच्या पाठीवरचा लहाना वाटेतच गेला होता आणि तिने त्याला माळाच्या कडेला पुरून, खूण न ठेवता, मागे न बघता पुढचा रस्ता धरला होता. आता तिथे शेत होतं. जागा तीच, पण वर बटाट्याचे वाफे. शेतातली एक म्हातारी हसत आली आणि पाहुणी म्हणून तिच्या हातावर उकडलेला गरम बटाटा ठेवला. डोरेवाली तो बटाटा नुसता हातात धरून उभी राहिली. खाऊ शकेना, टाकू शकेना, म्हातारीला सांगू शकेना.

एवढंच. पण ईश्वरदास रडत होता. डोळे पुसणं वगैरे नाही. तोंडावर पंचा दाबून, खांदे गदगदा हलवत रडत होता, आणि चेतना घाबरून "मामाजी, मामाजी" करत होती.

पुष्पाबाईच्या हातून ताटली निसटली. शेंगा ओसरीभर पसरल्या.

"रडा! रडा त्या डोरेवालीसाठी! चित्रातल्या पोरीसाठी रडाले येते तुमाले. माही आचल गेली तवा कुठी होते हे आसू?"

चेतनाने मान वर केली. आचल हे नाव या घरात तिने एकदाच ऐकलं होतं, तेही हिमांशूच्या तोंडून. त्याच्या आधीची बहीण, चार वर्षांची होऊन तापाने गेलेली. हिमांशू तेव्हा अंगावर पीत होता.

"चेतना, तूही आयक," पुष्पाबाई थांबेना. "हे आन् माहे सासरे, सेवकराम, दोघं तिले घेऊन गेले नाल्यावर. बायाइले येऊ देत नाईत. वापस आले, हात धुतले, आन् हा मानूस फावडं घेऊन शेतात गेला. कायले, त पान्याची पाळी होती! एक आसू नाई काढला. मी तवापासून वाट पाहून राहिली, का कधीतरी हा रडन, कधीतरी तिचं नाव घेईन. आन् आज रडला, त कोनासाठी?"

ईश्वरदासने पंचा खाली ठेवला. खाली पडलेल्या शेंगा एकेक करून ताटलीत गोळा केल्या, ताटली खाटेवर ठेवली, काठी उचलली आणि बाहेर पडला. पुष्पाबाईचं बोलणं अजून संपलं नव्हतं. भांडण अर्धवट सोडायची तिची रीत नव्हती, म्हणून ती पदर खोचून त्याच्या मागोमाग निघाली. तळ्याकडच्या वाटेने, कापणी झालेल्या बांध्यांमधून, तो पुढे आणि ती मागे. नाल्याकडे वळायच्या जागी तो वळला नाही. सरळ मोहाच्या झाडापाशी गेला आणि तुरीच्या कडेला उकिडवा बसला.

"आता इथी काऊन आले? माह्या तुरीवर राग काढाले?"

त्याने तुरीच्या बुंध्याशी हात ठेवला. "हिमांशूची माय, नाल्यावर नाई नेलं तिले. नाल्याले पूर येते. मले वाटलं, पोरगी वाहून जाईन. इथी आहे आचल."

पुष्पाबाईला आधी काही कळलंच नाही. मग तिने खाली पाहिलं. खाटेएवढा कोपरा. तिने स्वतः कुदळ घातलेला.

"बाबा म्हनले, मायले जागा सांगाची नाई. सांगितली का मायचा जीव तिथंच बसते, अंगावरचं लेकरू उपाशी राहते. मंग बाबा गेले. मले कसं सांगावं, समजलंच नाई."

"आन् मी कुदळ मारली तवा? तवा तोंड शिवलं होतं?"

"थांबवाले आलो होतो." त्याने बुंध्याजवळची माती हाताने सारखी केली. "पन तू दाने टोकून राहिली होतीस, हातानं माती दाबून राहिली होतीस. मले वाटलं, मायचा हात लागून राहिला तिले. लागू दे. खोल नाई गेली कुदळ, मी पाहिलं. पन शेंग नाई जात माह्या गळ्याखाली."

पुष्पाबाई खाली बसली. आपणही खाल्ल्या शेंगा, वाटीभर, आवडीने, शेजारीही वाटल्या, हे तिला आठवलं आणि तिने तोंडावर हात दाबला. ती मोठ्याने रडली. कितीतरी वेळ रडली. ईश्वरदास तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी गळत होतं, या वेळी पंच्याशिवाय.

रडं ओसरल्यावर ती तुरीच्या ओळीकडे बघत राहिली, आणि तिला वेगळंच काही आठवायला लागलं. घरी जेवायला या म्हटलं तरी हा माणूस कधी यायचा नाही. "डबा धाडून दे" म्हणायचा. ती कडक उन्हात कोणाच्या तरी हाती डबा पाठवायची आणि निरोप यायचा, मोहाखाली बसले आहेत. मोहाखाली जेवतो, मोहाखाली पडतो, मोहाखालून हलत नाही. आळशी म्हणून साऱ्या गावासमोर तिने त्याला हिणवलं होतं.

"डबा तुमी इथीच खात होते."

"हो."

"रोज."

"हो. बोलत होतो तिच्याशी थोडंसं."

बोलत होता! पुष्पाबाईच्या छातीत जो जाळ उठला, तो सुनेच्या चहाचा नव्हता की डोरेवालीचाही नव्हता. इतक्या वर्षांच्या दुपारी हा पोरीजवळ बसून जेवला होता, तिच्याशी बोलला होता, आणि ती माय असून घरी भांडी घासत बसली होती. नाल्याकडे बघून हात जोडत होती, जिथे कोणी नव्हतंच. दुःख एकटीनेच केलं असं ती समजत होती, आणि पोरगी मात्र त्याने एकट्याने ठेवली होती.

तिने पदराने तोंड पुसलं, जागेवरच सरकून तुरीला टेकून बसली आणि म्हणाली, "उठा. तुमी घरी जा."

"आन् तू?"

"आता माहा नंबर आहे."

ईश्वरदास काठी टेकत उठला. बांधीत उतरला, थोडं चालला आणि न राहवून थांबला. लेकरू पुरून निघताना मागे बघायचं नसतं, असं त्याला त्याच्या बापाने या जागीच सांगितलं होतं, आणि त्याने ते कधी पाळलं नव्हतं. आताही त्याची मान वळायला लागली.

"मांगं पाहू नोका," पुष्पाबाई तुरीतून ओरडली. "तुमचं पाहून झालं."