श्लोटरबेकची डावी मूठ

श्लोटरबेक, गोटहिल्फ. पुरुष, विवाहित, ल्यूथरपंथीय. शाळा-इमारतीचा निवृत्त देखभालकर्मी. निदान: पक्षाघात, डावी बाजू बाधित. वाचा: शाबूत, वापर अल्प. डावा पाय: काठीच्या आधाराने कार्यक्षम. डावा हात: मूठ वळलेली, स्वेच्छेने उघडत नाही. उपचार: मेंदूलहरी-प्रतिसाद. सहकार्य: समाधानकारक. प्रेरणा: अपुरी.

ट्युबिंगनजवळच्या एका पुनर्वसन रुग्णालयाने विमा मंडळाला कळवलेलं हे वर्णन. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त वाचेचा वापर अल्प आहे हे पक्षाघाताचं लक्षण धरलं होतं. गोटहिल्फ तर लग्नाच्या आधीपासून तसाच होता.

प्रश्न विजारीचा होता. गोटहिल्फच्या बायकोचा, इर्मट्राउडचा, खुब्याचा सांधा बदललेला. तिला वाकायची मनाई. म्हणजे गोटहिल्फला डाव्या हाताने विजारीची कड धरता आली तरच तो घरी जाणार. नाहीतर दरीच्या टोकाला वृद्धाश्रमात एक खोली त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. खोली त्याने पाहिली होती. खिडकीतून डोंगर दिसत होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तिथे प्रत्येक जेवणानंतर एक बाई हसत हसत टेबलापाशी येऊन ‘चव कशी वाटली?’ असं विचारायची. गोटहिल्फ परतीच्या वाटेवर म्हणाला, “मी इथं राहणार नाही.” त्या दिवसाचं त्याचं ते एकच वाक्य.

आमच्याकडे, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेला श्वाबियात, जेवण चांगलं झालं तर ‘खाता येतं’ असं म्हणतात. फारच चांगलं झालं तर काहीच म्हणत नाहीत, ताट पुढे करतात. ज्या शाळेत गोटहिल्फने उभा जन्म तुंबलेले नळ आणि थंड पडलेले बॉयलर सांभाळले, तिथल्या मुख्याध्यापकांनी त्याला कधी अवाक्षर ऐकवलं नाही, तेव्हा ते खूश आहेत हे त्याला कळत होतं. एकदाच ते तळघरात उतरून त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “श्लोटरबेक, तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही.” पुढच्याच महिन्यात त्याचं निम्मं काम एका कंत्राटदाराला गेलं.

तर उपचार असा. डोक्याला भोकाभोकांची रबरी टोपी, भोकांत चिकट मलम, मलमात तारा. हात एका यांत्रिक पंज्यात बांधलेला. मग मूठ उघडतोय असं मनात आणायचं. प्रत्यक्ष जोर लावायचा नाही. मनात नीट आलं की पडद्यावरची लहर खाली उतरते, यंत्र ते ओळखतं आणि पंजा बोटं उघडून देतो. मेंदूला वाटतं, हुकूम पाळला गेला. असा हुकूम पुन्हा पुन्हा पाळला गेला की हात एके दिवशी पंज्याशिवायही ऐकू लागतो. आणि दर वेळी जमलं की शाबासकी म्हणून पडद्यावर एक पिवळा हसरा चेहरा उगवायचा, टाळ्या वाजायच्या आणि यंत्राशेजारी बसलेली स्वेन्या क्ल्यूच ओरडायची, “झकास, हेर श्लोटरबेक! फक्कड!”

स्वेन्या कोलोनची. तिकडे लोक हिवाळ्यात कार्निव्हलच्या नावाने आठवडाभर चाच्यांचे कपडे घालून अनोळखी माणसांच्या गळ्यात पडतात. तिचा स्वभाव चांगला होता, त्याला तिचा इलाज नव्हता.

पंजा उघडायचा, टाळ्या वाजायच्या आणि लहर तत्क्षणी पुन्हा वर. मूठ पहिल्यापेक्षा घट्ट.

“काय होतं नेमकं?” स्वेन्याने विचारलं.

“काही नाही.”

“टाळ्या वाजल्या की मनात काय येतं?”

गोटहिल्फने विचार केला. “की ह्याला माझ्याकडून काय हवंय.”

डॉक्टरांनी ‘प्रेरणा अपुरी’ लिहिलं ते त्या दिवशी.

स्वेन्याने हार मानली नाही. टाळ्यांऐवजी घरच्या माणसाचा आवाज घालायची सोय यंत्रात होती. तिने इर्मट्राउडला बोलावून माइकसमोर बसवलं.

“त्यांना हुरूप येईल असं काहीतरी बोला, फ्राउ श्लोटरबेक. घरी त्यांचं कौतुक करताना काय म्हणता?”

“कशाबद्दल?”

“कशाहीबद्दल!”

इर्मट्राउडने पर्स मांडीवर सरळ केली. मग माइककडे झुकून, दफनविधीला चार शब्द बोलावेत तशा आवाजात म्हणाली, “गोटहिल्फ. वाईट नाही.”

“एवढंच?”

“एवढंच म्हणजे? हे मी त्याला लग्नाच्या दिवशीसुद्धा म्हटलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी लहर उतरली, पंजा उघडला आणि बायकोचा आवाज आला. गोटहिल्फ पांढराफटक पडला. त्याने टोपी काढायला सांगितलं.

“मला किती दिवस आहेत?”

“मंडळाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, म्हणजे तसे बरेच—”

“तसं नाही. एकूण.”

स्वेन्याने शपथेवर सांगितलं की तसं काही नाही. गोटहिल्फने मान हलवली. पोरीला सांगायची मनाई असणार हे त्याला समजत होतं. मग डॉक्टर आले, पलंगाच्या कडेला बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले की प्रकृती उत्तम आहे. उरलीसुरली शंका फिटली. त्या संध्याकाळी गोटहिल्फने पुडिंग परत पाठवलं आणि शेजारच्या पलंगावरच्या माणसाला विचारलं, चांगलं चालणारं बर्फ ओढायचं फावडं हवंय का.

निरोप गेला तशी इर्मट्राउड सकाळच्या बसने आली. गोटहिल्फला नुकतीच टोपी चढवून हात पंज्यात बांधला होता. तिने कोटसुद्धा काढला नाही.

“मरतोयस म्हणे! कोणाला विचारून?”

“तूच म्हणालीस ना, वाईट नाही.”

“मला म्हणायला लावलं! ह्या पोरीनं लावलं!”

“मग तसं नाहीये?”

“अजिबात नाही! आरशात बघ जरा. केसांचा चिखल झालाय, बटणं खालची वर, वरची खाली. जिना झाडायची पाळी ह्या आठवड्यात आपली. खुबा धरून मी झाडतेय, वरच्या मजल्यावरची शेजारीण फिफरली पडद्याआडून मोजतेय किती पायऱ्या राहिल्या, आणि हे गृहस्थ इथं टोपी घालून मरायला बसलेत. फावडं कोणाला देत होतास रे? माझ्या बापाचं फावडं आहे ते!”

गोटहिल्फच्या चेहऱ्यावर रंग परत आला. जग जागेवर होतं. तो खुर्चीत जरा खाली सरकला आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा श्वास पोटापर्यंत गेला.

पंजा उघडला होता. इर्मट्राउड दम घ्यायला थांबली तरी उघडाच राहिला.

“झका—” स्वेन्याच्या तोंडून निघालं आणि बोटं थरथरली. इर्मट्राउडने तिच्याकडे पाहिलं. स्वेन्याने उरलेली अक्षरं गिळली.

त्याच दुपारी यंत्रातून पिवळा चेहरा काढून टाकला आणि नवा आवाज भरला. स्वेन्याला वाटलं होतं, थोडंफार बोलणं मिळेल; शेवटी माइक बंद करायची वेळ आली. इर्मट्राउड म्हणाली, “अजून त्याच्या भावाचं राहिलंय.” आता लहर वर असेपर्यंत इर्मट्राउड कुरकुरत राहायची, लहर उतरली की गप्प. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही, नुसती शांतता. ह्या शांततेचा अर्थ गोटहिल्फला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो तासन्‌तास ती मिळवत बसला. स्वेन्या शेजारी ओठ मिटून बसायची आणि जमलं की टेबलाखाली स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारायची.

तपासणीला विमा मंडळाचे एक गृहस्थ आले. पंजा नाही, टोपी नाही. पायजम्यावरून विजार चढवून दाखवायची. गोटहिल्फ पलंगाच्या कडेवर बसला. मूठ तशीच. खोलीत सगळे त्याला धीर देणाऱ्या नजरेने बघायला लागले, ते त्याला जाणवलं आणि मूठ आणखी आवळली.

“दुपारच्या बसपर्यंत होणार आहे का हे?” दारापाशी उभी इर्मट्राउड म्हणाली.

बोटं सुटली. पूर्ण नाही, अर्धी. अर्ध्या बोटांनी त्याने कड पकडली आणि ओढली. एकदा सुटली, पुन्हा धरली. विजार कमरेपर्यंत आली. इर्मट्राउड काही बोलली नाही.

“अभिनंदन, हेर श्लोटरबेक!” मंडळाचे गृहस्थ म्हणाले.

गोटहिल्फने घाबरून बायकोकडे पाहिलं.

“मागून पायजमा दिसतोय,” ती म्हणाली.

अहवालात डॉक्टरांनी लिहिलं: नकारात्मक श्राव्य उद्दीपनाच्या विरामाशी निगडित प्रशिक्षणानंतर बाधित हाताच्या पकडीत लक्षणीय सुधारणा, रुग्ण वस्त्रपरिधानाबाबत स्वावलंबी, गृहवास शिफारसपात्र.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी गोटहिल्फने दोन्ही मोजे स्वतःच्या हातांनी चढवले. त्यातला एक इर्मट्राउडचा होता.