शंभरपैकी खांदा किती?

वाशिमच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. निखळणाऱ्या खांद्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला मी एकच प्रश्न विचारते, "शंभरपैकी खांदा किती बरा वाटतो?" उत्तर त्यानंच द्यायचं. एवढं साधं काम! पण आमच्याकडचा माणूस सरळ आकडा सांगेल तर शपथ! मग किस्से साठतात, आणि कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

*

इंझोरीचे एक काका. हात कानापर्यंत पोचेना, तरी म्हणाले, "शंभर!"

"काका, हात वर कुठं जातोय?"

काका कुजबुजले, "डाक्टर सायेब समोर बसून हायेत. एवढी मेहनत केली त्यायनं, मार्क कमी कसे देऊ?"

साहेब बाहेर गेले.

"चाळीस. पण त्यायले सांगू नका, मानूस लय चांगला हाये!"

*

भाजीचा मळा असलेल्या एक ताई सासूबाईंसोबत आल्या. कण्हत म्हणाल्या, "तीस."

सासूबाई पाणी प्यायला उठल्या.

"पंच्याण्णव! पण मॅडम, तुमी तीसच म्हणा. टोपले उचलून राह्यल्या त्या, उचलू द्या!"

*

किन्हीराजाचा गजानन मात्र माझा लाडका. कबड्डीत त्याचा खांदा निखळला, तोवर ठीक होतं. दुसऱ्यांदा निखळला तो साखरपुड्यात, नवरीला हार घालताना! सगळ्या पाहुण्यांसमोर गडी किंचाळला.

ऑपरेशननंतर हात मस्त वर जायला लागला. पण आकडा दर वेळी तोच, "ऐंशी."

"वीस काहून कापले रे?"

"लग्नात हार घातला का ते वीस बी देतो, मॅडम. पुन्हा निसटला तर पोरगी नाही म्हणन मले!"

हसत बोलला, पण डोळे भरले होते.

लग्नाला मी गेलेच. हार घालायची वेळ आली आणि नवरीच्या, वैशालीच्या, भावांनी तिला उंच उचललं. मंडपभर हशा! गजानन हार धरून तसाच उभा.

वैशाली वरूनच म्हणाली, "भेऊ नका हो! निसटलाच, तर मॅडम समोरच बसून हायेत!"

गजाननानं उडी मारली. हार गळ्यात! हात तसाच वर ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं माइक ओढला.

"मॅडम, शंभर!"

वैशालीनं खाली उतरल्या उतरल्या माइक हिसकावला.

"थांबा मॅडम! वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढू द्या आधी, मंग मी सांगते!"