उल्हासकाकांचा नारळ

उल्हासकाकांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सोलापूरहून ते टेक्सासला तेलकंपनीत इंजिनीअर म्हणून आले, शुगर लँडला घर घेतलं, पण स्वभावाला औषध नसतं. ताट भिरकावणं, पोराच्या कानाखाली जाळ काढणं त्यांच्या घरी रोजचंच. मी त्यांच्या शेजारचा. मला त्याची चीड यायची, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

त्यांचा एकुलता एक गिरीश. पंच्याऐंशी साली त्याने इंजिनीअरिंग सोडून शिल्पकला घेतली. दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात असलेल्या मंडेलांचं मातीचं डोकं तो गॅरेजमध्ये घडवत होता. काकांनी पहार आणून त्या डोक्याचा चेंदामेंदा केला. मध्ये पडलेल्या गिरीशच्या खांद्यातही ती बसली. त्याच दिवशी त्याने घर सोडलं.

पोरगं बापाच्याच वळणाचं, हट्टी. त्याने कॉलेजच्या आवारात पुतळा पुन्हा उभा केला. मंडेलांना दहशतवादी म्हणणाऱ्या एका टोळक्याने भरदुपारी हातोड्यांनी पुतळ्याचं तोंड फोडलं, अडवायला गेलेल्या गिरीशचंही. हॉस्पिटलच्या दारातून काकांनी तो टाके घातलेला चेहरा पाहिला. आत जायची हिंमत झाली नाही. माझ्या गाडीत बसून ढसाढसा रडले.

"रवी, त्या हलकटांत आणि माझ्यात फरक काय यार?"

फरक मलाही सापडेना.

बरा झाल्यावर गिरीशने नवा पुतळा केला, ब्राँझचा. अनावरणाला काका न बोलावता निघाले. ड्राइव्ह मीच करत होतो. त्यांच्या मांडीवर पिशवीत नारळ होता. शुभकार्याला नारळ वाढवायचा, माफी मागायची एवढी एकच रीत त्यांना येत होती.

"आधी त्याला भेटा," मी म्हटलं.

"आधी नारळ. मग बोलतो."

ऐकतील तर ते उल्हासकाका कसले.

पुतळ्यावरचं कापड निघालं. काका गर्दी रेटत पुढे घुसले आणि चौथऱ्यावर आपटायला त्यांनी नारळ डोक्यावर उचलला. गिरीशला दिसला तो बाप आणि त्याचा उगारलेला हात.

"डोन्ट यू डेअर!"

तो धावत येऊन बापासकट काँक्रीटवर कोसळला. काकांच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी तो थांबेना. छातीवर बसून बुक्क्या घालत राहिला, लहानपणापासूनचा सगळा मार परत करत राहिला. काकांचं नाक फुटलं, ओठ फाटले. त्यांनी दुसरा, धड हातसुद्धा वर केला नाही.

"अरे, नारळ आहे तो," मी गिरीशला ओढून काढत म्हटलं.

चौथऱ्यापाशी नारळ पडला होता, शेंडी तशीच, हळदकुंकू लावलेला. घरी नवी गाडी आली तेव्हा काकांनी गिरीशच्या हाताला हात लावून असाच नारळ वाढवला होता. गिरीश नारळाकडे बघत राहिला.

"बाबा, व्हाय डिडन्ट यू से समथिंग?"

काकांनी रक्त थुंकलं. "माझा हात हलत नाहीये. तूच वाढव."

गिरीशने रडत रडत नारळ वाढवला. पाणी बापाच्या रक्तावरून वाहत गेलं. एक तुकडा काढून त्याने काकांच्या तोंडात घातला. त्यांना चावता येत नव्हतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी तो तसाच तोंडात धरून ठेवला.